दूत धाडावा कीं आपण जावें?

एकाद्या वादांतील दोन्ही पक्ष शहाणे असावेत, दोघांच्याहि पदरीं भरपूर पुरावा असावा, आणि तरीहि पन्नास वर्षें वाद मिटूं नये, असें जेव्हां दिसतें, तेव्हां वादाचा विषयच नीट मांडला गेला नसावा अशी शंका घेण्यास जागा असते. अंतराळाच्या संशोधनासाठीं सरकारनें माणसें पाठवावींत कीं यंत्रें पाठवावींत, हा वाद या जातीचा आहे. डोनाल्ड गोल्डस्मिथ व मार्टिन रीस या दोघां ज्योतिर्विदांनीं मिळून लिहिलेलें व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘दि एंड ऑफ ॲस्ट्रोनॉट्स’, म्हणजे आपल्या भाषेंत ‘अंतराळवीरांची अखेर’, हें पुस्तक त्यांतील एका पक्षाची कैफियत आहे. कैफियत चोख आहे आणि वकीलहि नामांकित आहेत. गोल्डस्मिथ हे सामान्य वाचकांसाठीं ज्योतिःशास्त्र लिहिणारे जुने लेखक. रीस हे १९९५ पासून २०२५ पर्यंत ब्रिटनचे ‘ॲस्ट्रॉनॉमर रॉयल’ होते. अशा माणसांनीं ‘आतां माणसें पाठविणें पुरे’ असें म्हणावें, ही गोष्ट सहज बाजूस सारण्यासारखी नाहीं.

विज्ञानाच्या या वादांत साहित्याच्या अध्यापकानें तोंड कां घालावें, असें वाचक विचारतील. त्यास उत्तर इतकेंच कीं, हा वाद खर्चाच्या आंकड्यांनीं सुरू होत असला तरी तो संपतो नेहमीं ‘प्रेरणा’, ‘कल्पना’ व ‘साहस’ या शब्दांवर. आणि हे शब्द ज्या मुलखांतले, तेथें आमचेंहि थोडेंबहुत वतन आहे.

पुस्तकाचा युक्तिवाद थोडक्यांत असा आहे : यंत्राला हवा, अन्न व पाणी लागत नाहीं. त्याला परत आणण्याची जबाबदारी कोणावर नसते. तें नष्ट झालें तर पैसा जातो, कोणाचें घर उजाड होत नाहीं. माणसाचें शरीर पृथ्वीच्या ओढीवर पोसलेलें. व्यायामादि उपाय न केल्यास वजनरहित अवस्थेंत त्याच्या पायांचीं व कमरेचीं हाडें महिन्याकांठीं शेंकडा एक-दीड या प्रमाणानें झिजतात. मंगळाची वाट सहा ते नऊ महिन्यांची, आणि त्या सबंध वाटेवर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा आसरा नाहीं. यंत्रांची बुद्धि दर दशकास वाढत आहे. माणसाचा देह आहे तोच आहे. तेव्हां करदात्यांचा पैसा यंत्रांवर खर्चावा, आणि ज्यांना स्वतः जाण्याची हौस आहे त्यांनीं स्वतःच्या पैशानें व स्वतःच्या जोखमीवर जावें. हें मत अर्थात् अगदीं नवें नाहीं. १९५८ सालीं ‘एक्स्प्लोरर-१’ या उपग्रहावर उपकरण बसवून पृथ्वीभोंवतालच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा शोध लावणारे जेम्स व्हॅन ॲलन यांनींहि २००४ सालीं, नव्वदीच्या उंबरठ्यावर उभे असतांना, मानवी अंतराळप्रवास कालबाह्य झाला आहे काय, असा जाहीर प्रश्न केला होता. गोल्डस्मिथ-रीस यांनीं त्या प्रश्नास पुस्तकभर सविस्तर उत्तर दिलें आहे.

उलट पक्षाचें म्हणणें लंडनच्या बर्कबेक कॉलेजांतील ग्रहशास्त्रज्ञ इयन क्रॉफर्ड यांनीं २०१२ सालच्या एका निबंधांत मांडलें आहे. ज्यांना पुस्तक पटलें असेल त्यांनीं तो निबंध अवश्य वाचावा. यंत्रांची कार्यक्षमता ही एक दंतकथा आहे, असें क्रॉफर्ड यांचें प्रतिपादन आहे, आणि त्या बाजूचे आंकडे बोलके आहेत. १९७२ च्या डिसेंबरांत ‘अपोलो-१७’ मधील दोघेजण चंद्रावर तीन दिवस होते. तेवढ्यांत त्यांनीं गाडींतून सुमारें ३५ किलोमीटर प्रवास केला व ११० किलो दगडमाती गोळा केली. मंगळावर २००४ सालीं उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या यंत्रास ४५ किलोमीटर जाण्यास चौदा वर्षें लागलीं. अपोलोच्या सहा स्वाऱ्यांनीं मिळून ३८२ किलो नमुने आणले. १९७० ते १९७६ या काळांत सोव्हिएट रशियाच्या तीन निर्मानव यानांनीं आणलेली चंद्राची माती तीनशें ग्रॅमच्या आसपास भरली. ‘ऑपॉर्च्युनिटी’च्या शास्त्रीय पथकाचे प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स यांनीं तर स्वतःच कबूल केलें आहे कीं, आपलें यंत्र दिवसभरांत जें करतें तें तरबेज माणूस मिनिटाच्या आंत करील. यंत्राच्या बापानेंच यंत्राचें उणें सांगावें, याहून प्रामाणिक साक्ष ती कोणती?

परंतु या आंकड्यांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. अपोलोच्या सबंध उपक्रमास त्या वेळच्या हिशेबानें सुमारें पंचवीस अब्ज डॉलर लागले. १९६६ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या एकूण खर्चांतील शेंकडा चारांहून अधिक वांटा एकट्या अंतराळखात्याकडे जात होता. हा पैसा दगडांसाठीं नव्हता. चंद्रावर पाऊल ठेवलेल्या बाराजणांत धंद्यानें भूगर्भशास्त्रज्ञ असा एकच, हॅरिसन श्मिट, आणि तोहि अगदीं शेवटच्या स्वारींत. त्या वरातींत विज्ञान हें वऱ्हाडी होतें. नवरदेव दुसराच होता, आणि त्याचें नांव रशियाशीं चाललेली चढाओढ. क्रॉफर्डहि हें नाकारीत नाहींत. राजकारणासाठीं निघालेल्या स्वारींत विज्ञानाचा फायदा झाला, मग तो कां घेऊं नये, असें त्यांचें धोरण. वऱ्हाडी पोटभर जेवले हें खरें. पण म्हणून सबंध लग्नाचा खर्च जेवणावळीच्या खात्यांत मांडतां येत नाहीं. आणि यंत्रांचीहि पन्नास वर्षांपूर्वींची पायरी आतां राहिलेली नाहीं. २०२४ च्या जून महिन्यांत चीनच्या ‘चांग-ए-६’ यानानें चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती आणली. त्या बाजूस माणसाचें पाऊल कधीं लागलेलें नाहीं.

मानवपक्षाचा दुसरा मोठा पुरावा हबल दुर्बिणीचा. १९९० सालीं ती वर गेली तेव्हां तिच्या आरशाच्या घडणींत चूक निघाली. १९९३ सालीं अंतराळवीरांनीं वर जाऊन हातांनीं ती दुरुस्त केली, आणि २००९ पर्यंत एकूण पांच वेळां तिची डागडुजी झाली. मनुष्याच्या हाताचें यश तें हेंच. विरुद्ध पक्ष म्हणतो कीं, तेवढ्या खर्चांत नव्या दुर्बिणी धाडतां आल्या असत्या. या हिशेबाच्या खोलांत आम्ही शिरत नाहीं. पण २०२१ सालीं गेलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर ठेवली आहे, आणि तेथें दुरुस्तीस कोणी जाईल अशी योजनाच नव्हती, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जसजसें दूर जावें तसतसा माणसाचा हात तोकडा पडतो.

इतकें झाल्यावर शुद्ध ज्ञानाच्या दृष्टीनें निकाल गोल्डस्मिथ-रीस यांच्या बाजूनें द्यावा लागेल. पण येथेंच पुस्तकाचें वैगुण्य दिसूं लागतें. ज्या न्यायालयांत त्यांनीं दावा जिंकला तेथें प्रतिवादी हजरच नव्हता. जो मनुष्य जाण्यासाठींच जाऊं इच्छितो, त्यास ‘तुझ्यावांचून मोजमाप स्वस्तांत होतें’ असें सांगण्यांत काय अर्थ? लेखकांना या अडचणीची जाणीव आहे, म्हणूनच तर त्यांनीं हौशी श्रीमंतांसाठीं मागचें दार उघडें ठेवलें आहे. परंतु त्या दारानें प्रश्न सुटत नाहीं. मंगळावर सूक्ष्म जीव असल्यास माणसाबरोबर जाणारे जंतु तें सारें क्षेत्र विटाळून टाकतील, ही भीति या पक्षाकडून नेहमीं सांगितली जाते. सरकारी नोकराच्या अंगावरील जंतु तेवढे घातक, आणि धनिकाच्या अंगावरील सोवळ्यांतले, असें तर कोणी म्हणणार नाहीं! शिवाय दुसऱ्या ग्रहावर प्रथम उभा राहणारा मनुष्य स्वतःच्या पैशानें गेला असला तरी तो कोणाचा प्रतिनिधि म्हणून उभा राहील, हा प्रश्न खासगी खात्यांत ढकलून संपत नाहीं.

आतां ज्या मुद्द्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळूं. १९७१ सालीं ‘अपोलो-१५’ मधील डेव्हिड स्कॉट व जेम्स अर्विन हे चंद्रावर गाडींतून परत फिरत होते. वेळ संपत आला होता, आणि वाटेंत थांबण्यास पृथ्वीवरून परवानगी मिळण्यासारखी नव्हती. इतक्यांत स्कॉटला एक काळा, सच्छिद्र दगड दिसला. त्यानें आसनाचा पट्टा आवळावयाचा आहे अशी सबब सांगून गाडी थांबविली. अर्विन आसपासच्या खळग्यांचें वर्णन करीत राहिला. आणि तेवढ्यांत स्कॉटनें तो दगड उचलून आणला. त्या दगडास अजून ‘आसनपट्ट्याचा दगड’ म्हणूनच ओळखतात. यंत्र दगड उचलील, कदाचित् अधिक नेमका उचलील; पण दगडाच्या मोहानें खोटें बोलणार नाहीं. मानवपक्षाचें खरें बळ या मोहांत आहे. किलोमीटर व किलोग्रॅम यांच्या तुलनेंत तें सांपडत नाहीं.

पण हा मोह माणसास जागेवर जाऊनच होतो काय? दोन छायाचित्रांची हकीकत पाहावी. २३ ऑगस्ट १९६६ रोजीं ‘लूनर ऑर्बिटर-१’ या निर्मानव यानानें चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचें चित्र घेतलें. तें काळेंपांढरें व खरखरीत होतें, आणि आज जाणकारांवांचून तें फारसें कोणास आठवत नाहीं. दोन वर्षांनीं, १९६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं, ‘अपोलो-८’ मधील विल्यम अँडर्स चंद्राच्या पृष्ठभागाचीं चित्रें घेत असतांना खिडकींत अचानक निळी पृथ्वी वर आली, आणि त्यानें घाईघाईनें रंगीत फिल्म मागून घेऊन तिचें चित्र टिपलें. तें चित्र जगभर घरोघरीं गेलें. मानवपक्ष म्हणेल, पाहा, साक्षीदार असला म्हणजे असें होतें! परंतु १४ फेब्रुवारी १९९० रोजीं, सूर्यापासून सुमारें सहा अब्ज किलोमीटरांवरून ‘व्हॉयेजर-१’ नें मागें वळून घेतलेल्या चित्रांत पृथ्वी एका फिकट निळ्या ठिपक्याएवढी दिसते, आणि तें चित्रहि तितकेंच घरोघरीं गेलें. त्या यानांत कोणी नव्हतें. त्या चित्रापासून विज्ञानाच्या दृष्टीनें फारसा लाभहि नव्हता. पण यानानें एकदां मागें वळून पाहावें, असा आग्रह कार्ल सेगन यांनीं कित्येक वर्षें धरला होता.

या तीन चित्रांवरून प्रस्तुत लेखकास जें दिसतें तें असें. पाहतें तें यंत्र. पाहावेंसें वाटतें तें माणसाला. पहिल्या चित्रामागें ती ओढ पुरेशी नव्हती. तें यान पुढील स्वारीसाठीं उतरण्याच्या जागा टिपावयास गेलें होतें. दुसऱ्या चित्रामागील माणूस यानांत होता. तिसऱ्यामागील माणूस घरीं बसला होता. कालिदासाच्या यक्षानें मेघाला दूत करून धाडलें, तें रामगिरीवरून हलणें त्यास शक्य नव्हतें म्हणून. आणि अचेतन मेघ निरोप कसा नेईल, ही शंका कवीनें स्वतःच काढून ठेविली आहे. तरी ज्या वाटेनें यक्ष गेला नाहीं त्या वाटेचें वर्णन हेंच त्या काव्याचें वैभव. मेघांत कांहीं नाहीं. सारें यक्षांत आहे. म्हणून ‘यंत्रानें कोणास स्फूर्ति होत नाहीं’ हा मानवपक्षाचा लाडका सिद्धांत आम्हांस मान्य होत नाहीं.

त्याचा प्रत्यय अलीकडे आपल्यालाहि आला आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळीं आमच्या कॉलेजच्या सभागृहांत विद्यार्थ्यांबरोबर बसून मीं ‘चंद्रयान-३’ चें उतरणें पाहिलें. पडद्यावर काय होतें? एक वांकडी रेषा, आणि भराभर कमी होत जाणारे आंकडे. चंद्राकडे निघालेल्या त्या यानांत एकहि श्वास घेणारा जीव नव्हता. येथें मात्र शेंकडों मुलांचे श्वास अडकले होते. तें टेंकल्यावर माझ्या शेजारच्या मुलीनें डोळे पुसले, आणि मीहि चष्मा काढला. चार वर्षांपूर्वीं, २०१९ सालीं, याच नांवाचा पहिला ‘विक्रम’ कोसळला होता. तेव्हां हळहळ झाली, पण कोणाच्या घरीं सुतक आलें नाहीं. आणि म्हणूनच चुका शोधून पुन्हां जाणें जमलें. चुकण्याची ही मुभा यंत्र आपल्याला देतें. माणूस आंत असला म्हणजे ती राहत नाहीं.

ती कशी राहत नाहीं, हें १ फेब्रुवारी २००३ रोजीं दिसलें. सोळा दिवस पृथ्वीभोंवतीं शास्त्रीय प्रयोग करून परतणारें ‘कोलंबिया’ यान आकाशांत विखुरलें, आणि कर्नालच्या कल्पना चावलांसह सातजण गेले. त्यापूर्वीं १९८६ सालीं ‘चॅलेंजर’ मधील सातजण गेलेच होते. ‘कोलंबिया’वरील प्रयोगांचें मोल सात प्राणांइतकें होतें काय, असा प्रश्न उड्डाणापूर्वीं जर कोणी सरळ विचारला असता, तर ‘होय’ म्हणण्यास एकहि शास्त्रज्ञ धजला नसता. तो प्रश्न निघाला नाहीं, कारण त्या प्रवासावर विज्ञानाचा बुरखा होता. हिमालयाच्या शिखरावर चढणारा आपण कशासाठीं चढतों हें जाणतो. त्याचा मृत्यु दुःखद असला तरी फसवणुकीचा नसतो. राष्ट्राला जर माणसें वर पाठवावयाचीं असतील, आणि पाठवावींशीं वाटणें ही कांहीं लाजेची गोष्ट नव्हे, तर ज्या हेतूसाठीं तीं जातात तो हेतु त्यांच्या तोंडावर व जनतेच्या तोंडावर उघड बोलला पाहिजे. वादाची मांडणी चुकली आहे ती येथें. ‘माणूस कीं यंत्र’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘कशासाठीं’ हा पहिला आहे, आणि तोच टाळला जातो.

टाळल्याचा परिणाम काय होतो तें अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसतें. २०२५ सालीं तेथील अध्यक्षांच्या कार्यालयानें जें अंदाजपत्रक सुचविलें त्यांत अंतराळखात्याच्या विज्ञानशाखेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आणावा, आणि चंद्र-मंगळावरील मानवी प्रवासाचा मात्र वाढवावा, असें होतें. मंगळावर ‘पर्सिव्हिअरन्स’ या यंत्रानें २०२१ पासून नळ्यांत भरून ठेवलेले नमुने पृथ्वीवर आणण्याची योजना त्या अंदाजपत्रकांत रद्द होती, आणि पुढें माणसें जातील तेव्हां तें काम होईल, अशी भाषा होती. त्या सूचनेचें पुढें काय झालें हा भाग निराळा. उद्यांच्या प्रवाशाच्या नांवानें आजचा दूत माघारीं बोलावण्याची ही रीत आहे. आणि ती शक्य होते, कारण दोन्ही खर्च एकाच ‘संशोधन’ या नांवाखालीं लिहिले जातात.

आपल्या देशांतहि हा प्रश्न दाराशीं आला आहे. १९६० नंतरच्या दशकांत विक्रम साराभाई यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं, चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाण यांत श्रीमंत राष्ट्रांशीं स्पर्धा करण्याचें स्वप्न आपण पाहत नाहीं; माणसाच्या व समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्र लावण्यांत आपण कोणाच्या मागें राहूं नये, एवढेंच आपणांस हवें. त्या धोरणापासून आपण दूर आलों आहों. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं, कारण राष्ट्र वाढतें तशा त्याच्या इच्छाहि वाढतात. १९८४ सालीं राकेश शर्मा रशियन यानांतून गेले. २०२५ सालीं शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. १८ सप्टेंबर २०२४ रोजीं भारत सरकारच्या मंत्रिमंडळानें एकाच दिवशीं तीन गोष्टी मंजूर केल्या : चंद्रावरील नमुने आणणारें ‘चंद्रयान-४’, खर्च २,१०४ कोटी रुपये, शुक्राकडे जाणारें यान, १,२३६ कोटी, आणि ‘गगनयान’ या मानवी उड्डाणाच्या योजनेचा विस्तार, ज्यायोगें तिचा एकूण खर्च २०,१९३ कोटींवर गेला. या शेवटच्या रकमेंत अनेक उड्डाणें व स्वतःच्या अंतराळस्थानकाचा पहिला भाग येतो, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तरीहि दोन्ही दूतांच्या खर्चाची बेरीज प्रवाशाच्या खर्चाच्या सहाव्या हिश्शाइतकी आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हा खर्च करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्याचें खातें निराळें असावें. विज्ञानासाठीं ठेवलेल्या पैशावर पहिला हक्क यंत्रांचा, कारण त्या कामांत तीं सरस ठरलीं आहेत व अपयश पचवूं शकतात. माणूस पाठविण्याचा खर्च राष्ट्राचा मान, कारागिरीची परीक्षा आणि जाण्याची निखळ इच्छा या नांवांखालीं लिहावा, त्या नांवांनींच लोकसभेपुढें मागावा, आणि तो विज्ञानाच्या ताटांतून काढला जाणार नाहीं एवढी हमी द्यावी. अशा उघड मागणीस लोक ‘नाहीं’ म्हणतील असें मानण्याचें कारण नाहीं. आणि म्हणाले, तर तें ऐकणें हेंहि सरकारचें कामच आहे.

गोल्डस्मिथ-रीस यांचें पुस्तक या उघडेपणाच्या बाजूनें एक पाऊल पुढें गेलें आहे, म्हणून तें संग्राह्य आहे. त्यांची भाषा स्वच्छ आहे, आणि पुराव्याची छाननी प्रामाणिक आहे. त्यांना दिसली नाहीं ती एवढीच गोष्ट कीं, अंतराळवीरांची अखेर झाली तरी यक्षाची अखेर होत नाहीं. तो रामगिरीवर बसून राहील, मेघ धाडीत राहील, आणि एखादे दिवशीं स्वतःच निघेल. त्या दिवशीं त्यानें ‘मी संशोधनास जातों’ असें सांगूं नये. ‘मला जावेंसें वाटतें’ असें सांगावें.